अलास्का: आई-बाबांना घेऊन ग्लेशियरवाल्या लॉजची ट्रिप, डोकं चक्रावलंय, मदत करा

निळी_सावली

मंडळी नमस्कार. लिहिता लिहिता लांबलंय, सांभाळून घ्या.

आम्ही सिएटलजवळ राहतो. येत्या जुलैमध्ये नाशिकहून आई-बाबा येतायत. बाबांची सत्तरी आहे म्हणून मी, नवरा आणि माझा भाऊ असे तिघांनी मिळून पैसे बाजूला काढलेत, यावेळी आउटलेट मॉल, कॉस्टको आणि देऊळ याच्या पलीकडचं काहीतरी करायचं असं ठरवलंय. बाबा तरुणपणी सह्याद्रीत खूप भटकलेत, अजूनही रोज सकाळी पांडवलेणी चढून येतात, आणि त्यांचं कित्येक वर्षांचं टुमणं आहे की एकदा खरी हिमनदी बघायची, म्हणजे लांबून फोटो काढून परत बसमध्ये असं नाही, तिच्यावर पाय ठेवायचा. आईला डोंगरांचं वावडं नाही पण गुडघे त्रास देतात, चढायला एकवेळ जमतं, उतरताना हाल होतात. ती पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा नाही.

अलास्का नक्की केलंय कारण सिएटलहून अँकरेजला थेट विमान आहे, साडेतीन तासांत पोचतो. क्रूझ नकोय, गर्दी नकोय. चांगली खोली, चांगलं जेवण, सोबत गाइड, आणि जिथे रस्ताही जात नाही अशी जागा. बजेट बरं आहे, एकदाच करायचंय म्हणून हात आखडता घेणार नाही, पण पैसे फुकटही घालवायचे नाहीत.

मी तीन जागा बघून ठेवल्यात: डेनाली शिखराजवळच्या ग्लेशियरवरचं ते हेलिकॉप्टरने जायचं शॅले (डोंगरातलं छोटं हॉटेल), रँगल-सेंट इलायस पार्क (केनेकॉट हे जुनं खाणीचं गाव आणि तिथले आतले लॉज), आणि सीवर्डच्या बाजूला केनाई फ्योर्ड्समधला बोटीने जायचा लॉज. सगळ्यांच्या साइटवर तेच ते फोटो, तोच तो निळा बर्फ आणि वाइनचा ग्लास. कोणी प्रत्यक्ष गेलंय का? आईला यातलं काय झेपेल? अँकरेजला उतरल्यापासून परत निघेपर्यंत आठ दिवस आहेत, त्यात तिन्ही बसतील का?

गारठलेला_गडी

अँकरेजमध्येच राहतो. दर उन्हाळ्यात कोणीतरी ओळखीतलं हाच प्रश्न विचारतं, आता हा धागाच पाठवत जाईन.

तिन्ही बसणार नाहीत. दोन बसतील, तेही मधे रिकामा दिवस ठेवलात तर. कारण सांगतो. या आतल्या जागांना जायचं म्हणजे छोटं विमान नाहीतर हेलिकॉप्टर, आणि हे पायलट डोळ्यांनी बघून उडवतात, खिंडीत ढग बसले की उडत नाहीत, विषय संपला. तुम्ही रात्रीला किती हजार डॉलर भरलेत याच्याशी ढगांना काही घेणंदेणं नाही. जाताना अडकलात तर लॉजची एक रात्र जाते, येताना अडकलात तर सिएटलचं विमान जातं. म्हणून इकडचे लोक लॉजच्या आधी आणि नंतर दोन्हीकडे एकेक दिवस मोकळा सोडतात. मला विचाराल तर या सगळ्या खर्चातली सगळ्यात चैनीची गोष्ट तोच मोकळा दिवस आहे, आणि पॅकेज विकणारे नेमका त्याबद्दल काही बोलत नाहीत.

आता शॅले. जागा अफाट आहे यात वाद नाही. डेनालीच्या शिखरापासून साधारण दहा मैलांवर, रूथ ग्लेशियरच्या वरच्या अंगाला, बर्फातून वर आलेल्या खडकाच्या बेटावर बांधलंय, खोल्या फक्त पाच. नॅशनल पार्कच्या आत असूनही ती जमीन खासगी कशी, तर डॉन शेल्डन नावाचा टॉकीट्ना गावचा गाजलेला पायलट होता, पार्कची हद्द १९८० मध्ये वाढली त्याच्या बरीच आधी त्याने ती जागा स्वतःच्या नावावर करून घेतली होती. १९६६ मध्ये तिथे एक छोटं षट्कोनी खोपट बांधलं, ते अजून उभं आहे. त्याच्या मुलांनी शेजारी हे शॅले काढलं, २०१८ पासून सुरू झालं. जोडप्यामागे तीन रात्रींचा आकडा डॉलरमध्ये पाच आकडी जातो. तुम्ही पाच जण आहात, गुणाकार तुम्हीच करा.

आणि खरं सांगू का, बाबांना ग्लेशियरवर पाय ठेवायचाय एवढंच असेल तर त्यासाठी तिथे मुक्काम करायची गरज नाही. टॉकीट्नाहून स्की लावलेली ऑटर विमानं त्याच रूथ ग्लेशियरवर उतरवतात, अर्धा तास बर्फावर सोडतात आणि परत आणतात. अँकरेजहून टॉकीट्ना अडीच तास गाडीने. विमानातून उतरायला तीन-चार पायऱ्यांची शिडी असते, आईंना मागून-पुढून कोणी धरलं की झालं, बुटांवर चढवायला वेगळे बूट तेच देतात. जाताना रूथची ग्रेट गॉर्ज लागते, दोन्ही बाजूंना ग्रॅनाइटच्या भिंती बर्फापासून पाच हजार फूट वर आणि खाली बर्फाची जाडी आणखी साडेतीन हजार फुटांच्या वर. हे खिडकीतून बघताना बाबा काय म्हणतात ते इथे येऊन सांगा.

फक्त शिखर दिसेलच असं समजू नका. डेनाली (सरकारी कागदावर २०२५ पासून परत माउंट मॅकिन्ली झालंय, इकडे कोणी म्हणत नाही) ६,१९० मीटरचं आहे आणि स्वतःचं हवामान स्वतःच तयार करतं, खाली येणाऱ्या दहातल्या तिघांनाच जेमतेम दिसतं. विमान ढगांच्या वर गेलं तर तुमची शक्यता बरीच वाढते, आणि म्हणूनच टॉकीट्नाला एक रात्र राहा, त्याच दिवशी जाऊन यायचा हट्ट नको.

निळी_सावली

बापरे, एका प्रतिसादात निम्मं काम झालं, मनापासून धन्यवाद! डेनाली पार्कमधला तो कँटिश्नाचा भाग कसा आहे? तिकडेही जुने नावाजलेले लॉज आहेत म्हणे. आणि उंचीचा त्रास? बाबा मागे लेहला गेले होते तेव्हा पहिले दोन दिवस नुसते झोपून होते.

गारठलेला_गडी

कँटिश्ना सुंदर आहे पण पार्कचा एकुलता एक रस्ता ऑगस्ट २०२१ पासून अर्ध्यावर, मैल ४३ ला बंद आहे. प्रिटी रॉक्स म्हणून जागा आहे, तिथे रस्त्याखालचा गोठलेला थर वितळून अख्खा उतारच सरकतोय, त्यावरून पूल बांधायचं काम काढलंय. तोवर पलीकडचे लॉज विमानानेच. बुकिंगच्या आधी ताजी स्थिती बघा. पण तिकडे हिमनदीवर चालणं हा मुख्य मुद्दा नाही, टुंड्रा, अस्वलं, कॅरिबू आणि समोर डेनाली यासाठी जायचं.

उंचीचं पुढचे सांगतील, इथे एक जण आहेत त्या विषयातले.

दगडधोंडे

हाक मारलीत तर आलो :)

उंचीची काळजी डोक्यातून काढून टाका. केनेकॉट समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या निम्म्याहून कमी. रूथवर विमान उतरतं तेही पावणेदोन हजार मीटरच्या आसपास. लेह साडेतीन हजार, त्यामुळे तुलनाच नाही. हिमालयात हिमनदी बघायला धाप लागेस्तोवर वर जावं लागतं, अलास्कात ती खाली तुमच्यापर्यंत येते, आणि याला दोन कारणं, एक म्हणजे अक्षांश, ६१ अंशाच्या आसपास, आणि दुसरं जास्त महत्त्वाचं म्हणजे अलास्काच्या आखातावरून येणारी ओली हवा. किनाऱ्याला लागूनच डोंगरांची भिंत उभी आहे, माउंट सेंट इलायस ५,४८९ मीटर आणि समुद्र तिथून फक्त दहाएक मैलांवर, आता सह्याद्री आपल्याकडचा पाऊस अडवतो तोच प्रकार, फक्त इथे पावसाच्या जागी बर्फ पडतो आणि पडलेला संपायच्या आत पुढचा पडतो.

माझं मत रँगल-सेंट इलायसला. अमेरिकेतलं सगळ्यात मोठं नॅशनल पार्क, १९८० मध्ये झालं, ५३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याची चौदा राज्यं मावतील एवढं, आणि आत जाणारे रस्ते दोन, दोन्ही कच्चे. त्यातली मालास्पिना ही एक हिमनदी एकटीच साधारण गोव्याएवढी आहे. अमेरिकेतल्या सगळ्यात उंच सोळा शिखरांपैकी नऊ इथे. आणि तरी लोक डेनालीला रांग लावतात, कारण तिकडे रेल्वे जाते आणि मोठी हॉटेलं आहेत.

केनेकॉटला जायचं म्हणजे चिटिना गावापर्यंत डांबरी, मग मॅकार्थी रोड, साठ मैल खडी. हा रस्ता म्हणजे जुन्या कॉपर रिव्हर अँड नॉर्थवेस्टर्न रेल्वेची वाट, तांब्याच्या खाणीसाठी १९११ मध्ये सुरू झाली आणि १९३८ मध्ये खाण बंद पडल्यावर तीही बंद. रूळ काढले पण खिळे जमिनीत राहिले आणि अजूनही वर येतात, टायर फोडतात. वाटेत कुस्कुलाना नदीवरचा १९१० चा लोखंडी पूल लागतो, खाली २३८ फूट, आईंनी डोळे मिटले तरी चालेल. अँकरेजच्या बऱ्याच गाडी भाड्याने देणाऱ्यांच्या करारात खडीच्या रस्त्यावर न्यायला मनाई असते, ते बारीक अक्षर वाचा, जे चालवून देतात त्यांचे पैसे जास्त असतात. तुमचं बजेट आहे तर मी म्हणेन गाडीच्या भानगडीत पडू नका, चिटिनाहून छोटं विमान घ्या, खिळे आणि धूळ दोन्ही टळतात आणि वरून जे दिसतं ते रस्त्यावरून दिसत नाही.

पोचलात की आधी दगड-मातीचे उंचच उंच करडे ढिगारे दिसतील, मैलच्या मैल. सगळे म्हणतात अरेरे खाणवाल्यांनी काय घाण करून ठेवलीय. तो खाणीचा कचरा नाही हो, तीच केनिकॉट हिमनदी आहे, वर मोरेनचा, म्हणजे हिमनदीनेच वाहून आणलेला दगड आणि खाली बर्फ. शंभर वर्षांपूर्वी ती इतकी फुगलेली होती की तांब्याचं खनिज कुटायच्या गिरणीच्या दारातून पलीकडचं खोरं दिसायचं नाही, जुन्या फोटोंत स्वच्छ कळतं. आता तिथे खोल दरी झालीय.

पांढरी-निळी स्वच्छ हिमनदी हवी तर शेजारची रूट ग्लेशियर (डेनालीची ती रूथ, ही रूट). केनेकॉटपासून दोनेक मैल पायवाट, मग बुटांना क्रॅम्पॉन (लोखंडी काटे) लावून बर्फावर. गाइड घ्याच, बाबा कितीही जुने ट्रेकर असले तरी. बर्फावरची भेग वरून दिसते तशी नसते, आणि पाणी बर्फात गोल विहीर पाडून खाली जातं त्याला मुलाँ म्हणतात, तिच्या काठावर फोटो काढायला गेलेला माणूस घसरला तर सापडत नाही. गाइड असला की तो तुम्हाला त्याच जागा सुरक्षितपणे दाखवतो.

आईंसाठी: रूटची पायवाट नको, येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो. आणि त्या चौदा मजली लाल गिरणीची टूर तर अजिबात नको. बाहेरून बघून सगळ्यांना मोह होतो, पण ती वरच्या मजल्यावरून सुरू होते आणि आतून सगळे मजले अरुंद जिन्यांनी उतरत खाली यायचं असतं, तुम्ही लिहिलंय तेच नेमकं. त्यांच्यासाठी शेजारच्या मॅकार्थी गावाहून विमानाची चक्कर. स्टेअरवे आइसफॉल म्हणून रूटच्या उगमाशी सात हजार फुटांचा बर्फाचा धबधबा आहे, गोठलेला, तो आणि मागे माउंट ब्लॅकबर्न. बाबा बर्फावर, आई बर्फाच्या वर, संध्याकाळी दोघं एकमेकांना सांगतील.

हिशोबी

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. केनेकॉट ही जागा उत्तम आहे पण ती लक्झरी नाही. ग्लेशियर लॉजच्या मुख्य इमारतीत बाथरूम कॉमन आहेत, मॅकार्थी गावातल्या जुन्या हॉटेलातही तेच. साउथ विंगमध्ये स्वतंत्र बाथरूमवाल्या खोल्या आहेत त्या लवकर जातात. जेवण एकत्र मोठ्या टेबलावर. मला स्वतःला हे आवडतं पण "चांगली खोली" म्हणून बहिणीने पैसे काढले असतील तर आधीच सांगितलेलं बरं.

खरी लक्झरी हवी तर त्याच पार्कच्या आत अल्टिमा थूले लॉज आहे, चिटिना नदीच्या काठावर, सगळ्यात जवळचा रस्ता शंभरेक मैल लांब. माणशी रात्रीला चार आकडी डॉलर, पण त्यात रोजचं उडणं धरलेलं असतं आणि बाकी जागी तेच उडणं वेगळं लावतात, त्यामुळे बेरीज करून बघितली तर दिसतो तेवढा फरक नाही. तिथे ठरलेला कार्यक्रम नसतो, सकाळी पायलट आकाश बघतो आणि जिथे उघडीप असेल तिकडे नेतो, कधी नदीपात्रातल्या गोट्यांवर विमान उतरवतात, कधी बर्फावर. सुपर कब नावाच्या छोट्या विमानात पायलटच्या मागे एकच माणूस बसतो हे लक्षात ठेवा, आई एकट्या बसतील का ते त्यांना आत्ताच विचारा, तिथे जाऊन नको.

आणि पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी घ्या. हवामानामुळे पोचता आलं नाही तर त्या रात्रीचे पैसे परत की क्रेडिट की काहीच नाही, हे प्रत्येकाचं वेगळं आहे आणि बहुतेकांचं उत्तर "काहीच नाही" असतं. डिपॉझिट कुठल्या तारखेनंतर बुडतं. आणि अडकून जास्त रात्री राहावं लागलं तर त्याचे पैसे कोणी द्यायचे. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाला यातला तिसरा मुद्दा भलताच महागात पडला होता.

इन्शुरन्स दोन वेगळे लागतील. आई-बाबांचा नेहमीचा व्हिजिटर इन्शुरन्स बीपी-शुगर आधीपासून असेल तर त्याचं काही देत नाही, देतो ते अचानक उद्भवलेलं म्हणून आणि तेही मर्यादेत, तर त्यात हेलिकॉप्टरने उचलून न्यायचा खर्च आहे का ते शोधा. दुसरा ट्रिप कॅन्सलेशनचा, तो डिपॉझिट भरल्यापासून ठरावीक दिवसांत घेतला तरच आधीच्या आजारांची अट शिथिल होते. हे नंतर घेऊ म्हणून राहून जातं.

खादाड_खार

जेवणाच्या प्रश्नाला कोणी हातच लावला नाही, असं कसं चालेल मराठी माणसांत!

लांबचे लॉज सगळं सामान विमानाने आणतात, त्यामुळे आयत्या वेळी "आई व्हेज आहेत हं" म्हटलं तर उकडलेला बटाटा आणि सॅलड मिळेल. बुकिंगच्या वेळीच लिहा, आणि "व्हेजिटेरियन" एवढंच लिहू नका, मासे नाही, अंडं नाही, चिकनच्या पाण्यात केलेलं सूप नाही, दूध-दही-चीज चालतं, असं फोड करून लिहा. अलास्कात सामन खाणारा माणूस स्वतःला बिनधास्त व्हेज म्हणवतो. महिनाभर आधी परत एक फोन करा.

खाण्यासाठीच जायचं तर विंटरलेक लॉज बघा. अँकरेजच्या वायव्येला, फिंगर लेकच्या काठी, आयडिटारॉड या कुत्र्यांच्या गाड्यांच्या शर्यतीतला तो एक थांबा आहे. लॉज चालवणाऱ्या कुटुंबातली आई-मुलगी दोघी शेफ, उन्हाळ्यात स्वयंपाकाचे वर्गसुद्धा घेतात, आणि तिथून हेलिकॉप्टरने ग्लेशियरवर नेतात. म्हणजे ज्यांना चालवत नाही त्यांचं पाककृतीत मन रमतं, आणि बर्फावर पोचायला दोन मैल तुडवावे लागत नाहीत. तुमच्या यादीत हे नव्हतं पण तुमच्या आईसाठी मला हेच जास्त पटतं.

केनाईचा लॉज मी बघितलाय, पेडरसन लगूनच्या काठी, समोरच ग्लेशियर. सोळा केबिन, रस्ता नाही, सीवर्डहून बोट. जाताना रेझरेक्शन बेमधून बाहेर मोकळ्या समुद्रात वळसा घालावा लागतो आणि तिथे बोट हलते, म्हणजे हलतेच. मळमळीची गोळी निघायच्या आधी, बोट हलायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. वाटेत व्हेल, ओर्का, सी ऑटर, पफिन, नशीब असेल तर सगळे. पण बोटीतून उतरणं किनाऱ्यावर, वाळू-गोट्यांवरून चालावं लागतं, गुडघ्यांचं आधी सांगून ठेवा. आणि तिथे ग्लेशियर समोर बघायचं, कायाकमधून जवळ जायचं, वर चालायचं नाही. बाबांचं टुमणं तिथे पुरं होत नाही.

अँकरेज-सीवर्ड ट्रेन मात्र सोडू नका. गोल्डस्टारचा डबा घ्या, छतापर्यंत काच आणि बाहेर उभं राहायला गॅलरी. सकाळी निघून दुपारच्या जेवणाच्या आत सीवर्ड. आई नुसत्या बसून समुद्र, डोंगर, ग्लेशियर सगळं बघतील.

कोकणचा_कावळा

एवढ्या पैशांत दक्षिण अमेरिकेतलं अख्खं पॅटागोनिया होईल. तिथल्या टोरेस डेल पाइने पार्कात याच्यापेक्षा भारी लॉज आहेत आणि ग्रे ग्लेशियर बोटीने समोरून बघता येतं.

दगडधोंडे

@कावळा, जुलैमध्ये तिकडे भर हिवाळा असतो, दिवस आठ तासांचा आणि निम्मे लॉज बंद. पॅटागोनिया नोव्हेंबर ते मार्च. शिवाय नाशिकहून आलेल्या सत्तरीच्या माणसांना सिएटलहून पुन्हा पृथ्वीच्या तळाशी न्यायचं, दोन-तीन विमानं बदलून... नको.

निळी_सावली

सगळ्यांचे किती आभार मानू. काल रात्री आई-बाबांना व्हिडिओ कॉलवर सगळं वाचून दाखवलं. बाबा सुपर कबच्या नुसत्या कल्पनेनेच उड्या मारतायत. आई म्हणाली "पायलटच्या मागे एकटी? माझ्याच्याने व्हायचं नाही, मी ट्रेनमध्ये बसते." म्हणजे अल्टिमा थूले बाद, निदान पाचही जणांसाठी.

आता असं डोक्यात आहे: पहिला दिवस अँकरेज, मग विंटरलेक तीन रात्री (हेलिकॉप्टरने आईसुद्धा ग्लेशियरवर), परत अँकरेज, एक मोकळा दिवस, मग टॉकीट्ना एक रात्र आणि रूथचं विमान. मोकळ्या दिवशी हवा बरी असली आणि आम्ही वेळेत बाहेर पडलो असलो तर सीवर्डची ट्रेन जाऊन-येऊन. केनेकॉट सोडायला मात्र जिवावर येतंय, ते दगडधोंड्यांनी असं काही लिहिलंय की. भाऊ म्हणतोय विंटरलेक दोन रात्री करून केनेकॉट घुसवू. काय वाटतं?

दगडधोंडे

मीच केनेकॉटची वकिली केली तरी सांगतो, घुसवू नका. अँकरेजहून गाडीने पोचायलाच सात-आठ तास, विमानाने गेलात तरी आणखी एक ढगांवर अवलंबून असलेला टप्पा वाढतो. भाऊ आणि बाबा दोघंच सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात जाऊ शकत असतील तर तेव्हा जा. मे अखेर ते सप्टेंबर मध्य एवढाच तिकडचा मोसम, शेवटी शेवटी डास संपलेले असतात, झाडं पिवळी झालेली असतात आणि रात्री खरंच अंधार पडतो, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सची शक्यता. जुलैत त्या दिसायचा प्रश्नच नाही, रात्री अकरापर्यंत उजेड. शिवाय बाबांना जाताना पुढचं काहीतरी बाकी राहिलेलं आवडेल, ट्रेकर मंडळींचं मला माहितेय.

गारठलेला_गडी

प्लॅन चांगला आहे. एकच बदल करा. टॉकीट्ना आधी आणि लॉज नंतर नको, तुम्ही लिहिलंय तसं लॉज आधीच ठेवा हे बरोबर, पण मोकळा दिवस लॉज आणि टॉकीट्नाच्या मधे ठेवण्याऐवजी सगळ्यात शेवटी ठेवा. लॉजवर अडकलात तर टॉकीट्नाची एक रात्र पुढे ढकलता येते, टॉकीट्नाला ढग असले तर तिथेच अजून एक सकाळ थांबता येतं. मोकळा दिवस शेवटी असला की तो दोन्हीकडे कामाला येतो. मधे असला की फक्त एकीकडे. सीवर्डची ट्रेन मग उरलेल्या दिवसाची, मिळाली तर मिळाली. तिकीट रद्द करायचे नियम बघून काढा.

सामानाचं. मोठ्या कडक सूटकेस अँकरेजच्या हॉटेलात ठेवून जायच्या, छोट्या विमानात मऊ डफल बॅग लागते, ती जागा असेल तिथे कोंबता येते. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी, सामानाबरोबर माणसांचंही वजन विचारतात आणि काही ठिकाणी काट्यावर उभं करतात. आईंना हे आधी सांगून ठेवा, आमच्या एका मावशींनी चारचौघांत वजन करणार नाही म्हणून अर्धा तास विमान रोखलं होतं. रेनकोट चांगला घ्या, फॅशनचा नको. रबरी बूट लॉजवाले देतात, इकडे सगळे तपकिरी एक्स्ट्राटफ घालून फिरतात, लग्नातसुद्धा. डासांसाठी डोक्यावरून घ्यायची जाळी, जुलैत लागेलच. बर्फावर गॉगल हवाच, ढगाळ असलं तरी.

फोनला रेंज नाही असं धरून चाला. लॉजवर वायफाय असलं तरी बाहेर नाही, गाइडकडे सॅटेलाइटचं यंत्र असतं. बाबांच्या गोळ्या मोठ्या बॅगेत न ठेवता अंगावरच्या बॅगेत, आणि चार दिवस जास्तीच्या.

हिशोबी

आणि इतर कोणी हा धागा वाचून निघणार असेल तर, भारतातून येताना व्हँकुव्हरमार्गे स्वस्त तिकीट दिसतं पण तिथे विमान बदलायलासुद्धा भारतीय पासपोर्टला बहुतेक वेळा कॅनडाचा व्हिसा लागतो. व्हँकुव्हरहून निघणाऱ्या क्रूझलाही लागतोच. अमेरिकेचा आहे म्हणून निवांत राहू नका.

गाइड आणि पायलटची टिप वेगळी धरा, लॉजचं बिल सगळं धरून आहे असं लिहिलेलं असलं तरी ती त्यात नसते. लॉजला मेल टाकून त्यांच्याकडची पद्धत विचारा, बिनधास्त सांगतात.

निळी_सावली

मोकळा दिवस शेवटी, कळलं! आज लॉजला मेल टाकला, व्हेजची फोड करून लिहिली आणि हवामानाचे तिन्ही प्रश्न विचारलेत. सप्टेंबरचं बाबा आणि भाऊ आपापसात बघतील, मी त्यात पडत नाही.

शेवटचे दोन बारीक प्रश्न. आई मेतकूट, गुळपोळी आणि चिवडा आणणारच आहे, ते लॉजवर नेलं तर चालतं का? आणि अस्वलासाठीचा स्प्रे सिएटलहून घेऊन येऊ का, आमच्याकडे हायकिंगचा पडलेला आहे.

खादाड_खार

मेतकूट नेच! पण केबिनमध्ये उघडं ठेवायचं नाही, पोचल्यावर लॉजच्या स्वयंपाकघरात देऊन टाकायचं, ते डब्यांवर नाव घालून ठेवतात. अस्वलाचं नाक लांबचा वास पकडतं, आणि गुळपोळी तर तुपाची असणार. चिवडा शेफला चाखायला द्या, बदल्यात काहीतरी चांगलं पदरात पडेल.

गारठलेला_गडी

स्प्रे आणू नका, प्रवासी विमानात चालत नाही, केबिनमध्येही नाही आणि चेक-इन बॅगेतही नाही, सिएटललाच काढून घेतील. अँकरेजला कुठल्याही स्पोर्ट्सच्या दुकानात मिळतो, पण तुमच्याबरोबर सगळीकडे गाइड आहे, त्याच्याकडे असतोच, वेगळा घ्यायची गरज नाही. घेतलाच तर छोट्या विमानात चढायच्या आधी पायलटच्या हातात द्या, तो केबिनच्या बाहेर ठेवतो. बॅगेत तसाच राहिला आणि हवेत फुटला तर पायलटला दिसायचं बंद होतं.